फ्रीमाँट सोडून फ्रिस्कोला जावं का? आधी दुसऱ्या पगाराचा हिशेब मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहतात. भाडं महिना 3,400 डॉलर. नवरा क्लाउड स्टोरेजमधला इंजिनिअर, एच-वन या कामाच्या व्हिसावर, ग्रीन कार्डासाठीचा कंपनीचा अर्ज (आय-140) मंजूर, प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख, 2018ची. मूळ पगार 1,95,000 डॉलर आणि वर वर्षाला साधारण 45,000चे शेअर. प्रश्न विचारणारी बायको एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावरच्या कामाच्या परवान्यावर (इएडी) एका बायोटेक कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये आहे, पगार 1,05,000. मावसभाऊ टेक्ससमध्ये फ्रिस्कोला आहे. त्याच्या शेजारच्या गल्लीत चार बेडरूमचं घर 6,75,000ला मिळतंय. तशाच घराला फ्रीमाँटमध्ये 16 लाख पडतात. नवऱ्याच्या कंपनीचं फ्रिस्कोशेजारच्या प्लेनोला ऑफिस आहे. बदली मिळेल, पण मूळ पगार दहा टक्क्यांनी कमी होईल. मुलांना अंगण हवं, सासूसासरे आले की त्यांना खालच्या मजल्यावर खोली हवी, आणि एकूणच जरा निवांत जगायचं आहे. तर जावं का, आणि गेल्या गेल्या घर घ्यावं का?

मी इथल्या भारतीय कुटुंबांच्या कराचं आणि आर्थिक नियोजनाचं काम करते. हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो, आणि बहुतेक वेळा त्यात 16 लाख आणि पावणेसात लाख हे दोनच आकडे समोरासमोर ठेवलेले असतात. तुमच्या पत्रात मात्र मला एक वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं, जे तुम्ही जाता जाता लिहून गेलात: "माझी नोकरी काय, तिकडेही मिळेलच." त्याकडे येतेच. आधी घराचं बघू.

16 लाखांचं घर तुम्ही घेतलेलं नाही, घेणारही नव्हता. त्यामुळे फ्रिस्कोचं घर त्याच्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही. ताडायचं ते आजच्या 3,400शी. पावणेसात लाखांच्या घराला वीस टक्के, म्हणजे 1,35,000 रोख भरले, तर 5,40,000चं कर्ज राहतं. साडेसहा टक्के व्याज आणि तीस वर्षं धरली तर हप्ता 3,400च्या थोडा वर जातो. म्हणजे नुसता हप्ताच तुमच्या आजच्या भाड्याएवढा झाला. त्यावर प्रॉपर्टी टॅक्स. कॉलिन काउंटीतल्या फ्रिस्कोत शाळा, शहर, काउंटी आणि कम्युनिटी कॉलेज मिळून दर पावणेदोन टक्क्यांच्या आसपास जातो. शाळेच्या करातली होमस्टेड सवलत (मालक स्वतः राहतो त्या घराच्या करपात्र मूल्यातून वजा होणारी रक्कम) 2023मध्ये 40,000वरून 1,00,000 झाली आणि 2025च्या मतदानानंतर 1,40,000. ती धरूनही महिन्याला 800 डॉलर ठेवा. विमा 400 ठेवा, वसाहतीच्या सोसायटीची फी (एचओए) 75. एकूण झाले 4,700. दुरुस्तीसाठी घराच्या किमतीच्या एक टक्का वर्षाला बाजूला काढायचा हा माझा नेहमीचा आग्रह. तो धरला तर सव्वापाच हजार.

आता दुसरी बाजू. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही. तुमच्या उत्पन्नावर, 401-के हे निवृत्तीचं खातं भरून, कॅलिफोर्नियाचा कर साधारण वीस हजार बसतो आणि पगारातून कापला जाणारा राज्याचा विमा (एसडीआय) चार हजारांच्या आसपास. त्याला 2024पासून पगाराची कमाल मर्यादा राहिलेली नाही. म्हणजे महिन्याला दोन हजार वाचले. पण मूळ पगारात 19,500ची कपात आहे. फेडरल कर वजा जाता ती हातात महिन्याला सुमारे 1,200ची पडते. उरले आठशे. घराचा खर्च वाढला तेराशे ते साडेअठराशेने. तेव्हा तुम्हाला पहिल्या दिवसापासून आजच्याच पगाराची नोकरी मिळाली असं धरलं, तरी तुम्ही आजच्यापेक्षा महिन्याला पाचशे ते हजार डॉलर जास्त खर्च कराल. त्यातले चारपाचशे कर्जाच्या मुद्दलात जमा होतात, हे खरं. मोठं घर हवं म्हणून एवढे पैसे मोजणं यात काहीच गैर नाही. मात्र "टेक्ससला स्वस्त पडतं म्हणून चाललोय" असं तुम्ही एकमेकांना सांगत असाल, तर तुमच्या बाबतीत ते खरं नाही.

शेअरच्या बाबतीत एक गोष्ट जवळजवळ कुणाला माहीत नसते. कॅलिफोर्नियात असताना मिळालेले आरएसयू (कंपनीने ठरावीक मुदतीनंतर द्यायचे कबूल केलेले शेअर) टेक्ससला गेल्यावर व्हेस्ट झाले, म्हणजे हातात आले, तरी ग्रँटपासून व्हेस्टपर्यंतच्या कामाच्या दिवसांपैकी जितके दिवस कॅलिफोर्नियात काम केलं, त्या प्रमाणात कॅलिफोर्निया कर घेते. पुढची दोनतीन वर्षं तिकडचा नॉन-रेसिडेंट रिटर्न भरावा लागेल, आणि माझ्या दोन हजारांच्या बचतीतलाही काही भाग तेवढी वर्षं कमी होईल. कंपनीने सामान हलवायला पैसे दिले तर तेही करपात्र उत्पन्न आहे.

आता टेक्ससच्या करातली खाच. लिस्टिंगवर जो टॅक्स दिसतो तो आत्ताच्या मालकाचा असतो. होमस्टेड घराचं करपात्र मूल्य वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, त्यामुळे जुन्या मालकाचा आकडा बाजारभावाच्या बराच खाली असू शकतो. घर विकलं की ती मर्यादा सुटते आणि नव्या मालकाचं मूल्य बाजारभावाला जाऊन बसतं. नवं बांधलेलं घर घेतलंत तर त्याहून मोठा धक्का बसतो. मूल्यांकन 1 जानेवारीच्या स्थितीवर होतं. त्या दिवशी तिथे नुसता प्लॉट असेल, तर पहिल्या वर्षाचा कर प्लॉटवरच लागतो. बँक तेवढाच धरून एस्क्रो, म्हणजे कर आणि विम्यासाठी हप्त्याबरोबर घ्यायची रक्कम, कापते. दुसऱ्या वर्षी पूर्ण घराचं बिल येतं आणि पाठोपाठ बँकेचं पत्र: एस्क्रोत इतके हजार कमी पडले, आणि पुढच्या महिन्यापासून हप्ता अमुक इतका. पहिल्याच घरात हे पत्र उघडून गडबडून गेलेली कितीतरी मंडळी मला फोन करतात. कॉलिन काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या साइटवर पत्ता टाकून बाजारमूल्य बघा, आणि त्यावर स्वतः कर काढा. सेलिना, प्रॉस्पर अशा फ्रिस्कोच्या उत्तरेकडच्या नव्या वसाहती बघत असाल तर मड किंवा पिडचा (पाणी, रस्ते अशा सोयींसाठी वसाहतीवर बसणारा) जादा कर आहे का ते लेखी विचारा. तो असला की एकूण भार दोन टक्क्यांच्या वर जातो.

आणि जमीन. डॅलसच्या उत्तरेचा हा पट्टा काळ्या चिकणमातीचा आहे, आपल्याकडच्या काळ्या कापसाच्या जमिनीसारखा. उन्हाळ्यात भेगा पडतात, पाऊस आला की फुगते. त्यावर घराचा स्लॅब हलतो, भिंतींना कोपऱ्यातून तिरक्या चिरा जातात, दारं अडकायला लागतात. म्हणून तिथले लोक ऑगस्टमध्ये घराच्या कडेने सच्छिद्र पाइप टाकून पायाला पाणी घालतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण तुमचा मावसभाऊ घालत असणार, त्याला विचारा. घर बघताना साध्या इन्स्पेक्शनवर भागवू नका, पायासाठी वेगळा स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. तिथे गारपीटही मोठी होते. विम्याच्या कागदावर वारा-गारपिटीचं डिडक्टिबल वेगळं लिहिलेलं असतं आणि ते रकमेत नसून टक्क्यांत असतं. विमा सहा लाखांचा आणि डिडक्टिबल दोन टक्के असेल, तर छताचे पहिले 12,000 तुमचे.

आता तुमच्या नोकरीकडे येते. तुमचं काम लॅबमधलं आहे, घरून होणारं नाही. डॅलसच्या उत्तर भागात नोकऱ्या भरपूर आहेत, पण त्या बँका, विमा, टेलिकॉम, मोटार कंपन्यांची मुख्यालयं, सॉफ्टवेअर अशा. औषधनिर्मितीतल्या क्वालिटी कंट्रोलला बे एरियात जेवढी दारं आहेत, तेवढी तिथे नाहीत. मिळणारच नाही असं मी म्हणत नाही. पण आठ महिने लागले तर 70,000 डॉलर गेले, म्हणजे आयकरातून वाचलेल्या जवळजवळ तीन वर्षांच्या पैशांएवढे. शेवटी बदलीच्या गावी लॅब सोडून काहीतरी डेटा-एंट्रीसारखं काम पत्करावं लागलं, तर त्याची किंमत कुठल्याच एक्सेलमध्ये येत नाही. एच-4वर कामाची परवानगीच नव्हती ती वर्षं आपल्यातल्या कितीजणींनी घरात काढली हे तुम्हाला माहीत आहे. 2015मध्ये तो नियम आल्यावर ज्यांनी पुन्हा पाय रोवले, त्यांतल्या तुम्ही एक आहात. "मिळेलच" या एका शब्दावर ते सोडू नका. हे मी तुमच्या मिस्टरांनाही तितक्याच स्पष्टपणे सांगेन.

व्हिसाची गोष्ट याला जोडूनच येते. एच-वनवर कामाचं ठिकाण दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेलं, की कंपनीला नव्या जागेचं एलसीए, म्हणजे श्रम खात्याकडचं पगाराबद्दलचं हमीपत्र, काढून सुधारित पिटिशन भरावं लागतं, तेही मिस्टरांनी तिथे काम सुरू करण्याआधी. ते घरून काम करणार असले तरी घराचा पत्ता हेच कामाचं ठिकाण. हे कंपन्यांच्या रोजच्या सरावातलं आहे. खरी अडचण पर्मची. पर्म म्हणजे ग्रीन कार्डासाठी आय-140च्या आधी लागणारं लेबर सर्टिफिकेशन, आणि ते ठरावीक भागातल्या नोकरीसाठी असतं. फ्रीमाँटच्या नोकरीवर झालेलं पर्म प्लेनोच्या नोकरीला सहसा चालत नाही. ग्रीन कार्डाचा शेवटचा टप्पा येईपर्यंत नव्याने पर्म आणि नव्याने आय-140 करावं लागतं. 2018ची प्रायॉरिटी डेट हातची जात नाही, ती पुढच्या अर्जाला लागते, तेव्हा घाबरू नका. पण या सगळ्याला दीड-दोन वर्षं सहज जातात आणि तेवढा काळ कंपनीने मिस्टरांना ठेवायला हवं. मुलगी दहा वर्षांची आहे. एकविसाव्या वर्षी तिचा एच-4 संपतो, हे डोळ्यांसमोर ठेवूनच ही पावलं टाकायची.

दुसरी बाब साठ दिवसांची. नोकरी गेली तर एच-वनवाल्याला नवं पिटिशन दाखल व्हायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. भाड्याच्या घरात, बे एरियासारख्या ठिकाणी, स्टोरेजवाल्या इंजिनिअरला ते साठ दिवस जड जातात, पण निभतात. नुकतंच घेतलेलं घर, दुसरा पगार बंद आणि त्या क्षेत्रातल्या मोजक्याच कंपन्या, अशा स्थितीत तेच साठ दिवस फार वेगळे असतात. म्हणून माझं पहिलं ठाम मत: गेलात तरी पहिलं वर्ष भाड्याने राहा. घर विकायची वेळ आली तर एजंट आणि क्लोजिंग मिळून पाचसहा टक्के जातात. पावणेसात लाखांवर ते चाळीस हजारांच्या आसपास होतात. वर्षभर भाडं भरणं "पैसे वाया" वाटतं, पण परतीचा रस्ता मोकळा ठेवण्याची ती किंमत आहे आणि ती कमी आहे.

दुसरं मत तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमचे दोघांचे व्यवसाय वाचल्यावर मला राहवत नाही. नॉर्थ कॅरोलायनातलं कॅरी बघितलंत का? रॅले आणि डरहमच्या मधला रिसर्च ट्रँगल पार्क 1959पासूनचा आहे, आणि औषध-बायोटेक हाच त्या भागाचा कणा. जवळच हॉली स्प्रिंग्जला अ‍ॅमजेन आणि फुजीफिल्म डायोसिंथचे मोठे कारखाने उभे राहिलेत. तुमच्या मिस्टरांच्या क्षेत्रातल्या नेटअ‍ॅप, सिस्को, आयबीएम, रेड हॅट याही तिथे आहेत. आयकर आहे, पण सरसकट दर, 2026साठी 3.99 टक्के. तुमच्या उत्पन्नावर तो अकरा हजारांच्या आसपास जाईल, म्हणजे टेक्ससएवढी बचत नाही. उलट प्रॉपर्टी टॅक्स कॅरीत शहर-काउंटी मिळून एक टक्क्याच्या आत आहे. त्यामुळे आकड्यांतला फरक बराच कमी होतो, आणि मग प्रश्न उरतो तुमच्या दोघांच्या पुढच्या दहा वर्षांच्या कामाचा. तिथे कॅरीचं पारडं माझ्या मते स्पष्ट जड आहे. शाळांचं एक पथ्य पाळा: वेक काउंटीत विद्यार्थी वाढले की शाळेवर कॅप, म्हणजे प्रवेशांची मर्यादा, बसतो, आणि समोर दिसणाऱ्या शाळेऐवजी मुलाला दूरची शाळा मिळू शकते. घर भाड्याने घेण्याआधीही त्या पत्त्याची शाळा आणि तिचा कॅप काउंटीकडून तपासून घ्या.

फ्रिस्कोच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे, मावसभाऊ. परक्या देशात रात्री-अपरात्री मूल सांभाळायला हक्काने हाक मारता येईल असं माणूस जवळ असणं याचं मोल मी कमी करणार नाही. त्याच्यासाठी तुम्ही टेक्सस निवडलंत तर ते कारण मला स्वस्त घरापेक्षा खूप पटेल. फक्त त्याचं कुटुंब तिथेच राहणार आहे ना, त्याचीही नोकरी एच-वनवर आहे का, हे मोकळेपणाने विचारून घ्या.

सासूसासऱ्यांचं म्हणाल तर खालच्या मजल्यावरची खोली लागतेच, गुडघे दुखणाऱ्यांना जिना म्हणजे शिक्षा. पण खोलीबाहेरचा त्यांचा दिवस कसा जाईल तेही बघा. आपल्याकडची मंडळी सहसा एप्रिलच्या सुमारास येतात आणि सहा महिने राहतात. फ्रिस्कोत नेमकं जून ते सप्टेंबर सकाळी नऊनंतर बाहेर पाऊल टाकवत नाही, पारा 38-40ला. आज फ्रीमाँटमध्ये ते दोघं संध्याकाळी लेक एलिझाबेथला फेरी मारतात, बाकावर चार मराठी-गुजराती आजीआजोबा भेटतात, येताना चालत जाऊन कोथिंबीर घेऊन येतात, असं तुम्हीच लिहिलंय. नव्या गावात गाडीशिवाय त्यांना काय करता येईल? मोठ्या घरात एसी लावून दिवसभर बसलेले सासरे चार महिन्यांत "आमचं तिकीट आधीचं करा" म्हणतात, हे मी अनेक घरांत ऐकलंय. कॅरीत ग्रीनवे म्हणून झाडीतल्या पायवाटांचं जाळं आहे, ते त्यांना आवडेल. तिथेही उन्हाळा दमट, डास असतात आणि वसंतात पाइनचा पिवळा पराग गाड्यांवर थर धरतो. कुणाला दमा असेल तर लक्षात ठेवा.

मराठी शाळा, गणपती, नाटक यांची काळजी करू नका. डॅलसचं मंडळ मोठं आहे. 2019चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन तिथेच झालं होतं. रॅलेकडेही मराठी मंडळी पुष्कळ आहेत.

एक तिसरा पर्याय तुमच्या पत्रात कुठेच नाही. फ्रिस्कोच्या घराला तुम्ही महिना 4,700 द्यायला तयार आहात. तेवढ्यात फ्रीमाँट-नेवार्क-युनियन सिटीच्या पट्ट्यात तीन बेडरूमचं, मागे थोडं अंगण असलेलं स्वतंत्र घर भाड्याने मिळू शकतं. दोघांच्या नोकऱ्या, पर्म, मुलीची शाळा, सगळं जागच्या जागी. यात उणीव आहे: मालकाने घर विकायला काढलं की उठावं लागतं, आणि भाडेवाढीवरची राज्याची मर्यादा व्यक्तीच्या मालकीच्या स्वतंत्र घरांना बहुधा लागू नसते. भिंतीला खिळा मारायलाही विचारावं लागतं. तुम्हाला खरंच अंगण आणि खालची खोली हवी असेल तर हा मार्ग पुरेल. "आपलं स्वतःचं घर" हवं असेल तर नाही पुरणार. या दोन्हींतलं नेमकं काय हवंय, हे दोघांनी वेगवेगळं लिहून मग एकमेकांना दाखवा. माझ्या अनुभवात नवराबायकोची उत्तरं इथे सर्वांत जास्त वेगळी निघतात.

आता क्रम. या आठवड्यात कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला ईमेल करा: प्लेनोला बदली झाल्यास नवीन पर्म लागेल का, कंपनी ते करणार का, आणि किती दिवसांत सुरू करणार. एचआरच्या तोंडी "काही प्रॉब्लेम नाही"वर विसंबू नका. त्याच वेळी तुम्ही तुमच्या क्षेत्रात डॅलस आणि ट्रँगल, दोन्हीकडे अर्ज टाकायला लागा आणि कुठून किती मुलाखती येतात ते बघा. घर शोधण्याच्या साइटवर जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्मा इथे घाला. बघायला जायचं ते जुलैअखेरीस किंवा ऑगस्टमध्ये, मुलांना घेऊन, आणि कामाच्या दिवसांत: सकाळी आठला ऑफिसपर्यंत गाडी चालवून बघा, टोलचे पैसे मोजा, दुपारी चारला मुलांना बागेत नेऊन बघा. पुढच्या लीजची सही त्यानंतर. तोवर अपार्टमेंटवाल्यांकडे सहा महिन्यांची किंवा महिन्या-महिन्याची मुदतवाढ मागा. भाडं थोडं जास्त लावतील, ते द्या. वकिलाचं उत्तर पटण्यासारखं आलं नाही आणि तुम्हालाही कुठून ऑफर आली नाही, तर यंदा फ्रीमाँटमध्येच अंगणाचं घर भाड्याने घ्या. तुम्हाला ट्रँगलमध्ये आधी ऑफर आली, तर मिस्टरांनी तिकडे नोकरी शोधायची, आणि त्यांची नवी कंपनी पर्म कधी सुरू करणार हे ऑफर स्वीकारण्याआधीच लेखी घ्यायचं.